भुकेचा निरोप आणि कॉर्टिसॉल

पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण छोट्या रेणूंच्या, कुप्या हल्ली घरबसल्या मागवता येतात, आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या ओळखीच्या तरुणांकडून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: ग्रोथ हॉर्मोन वाढवणाऱ्या औषधांमुळे कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरकही वाढते का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण या औषधांची एकच जात मानणे हीच पहिली गफलत आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन बाहेर काढण्याचे दोन स्वतंत्र मार्ग शरीरात आहेत आणि तणावाच्या यंत्रणेशी त्यांचे नाते अगदी वेगळे आहे.

पहिला मार्ग जीएचआरएच या, ग्रोथ हॉर्मोन सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचा. ते हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात तयार होते, पण 1982 साली त्याची रचना प्रथम हाती लागली ती स्वादुपिंडातील गाठींमधून. सर्मोरेलिन आणि टेसामोरेलिन ही याच घराण्यातली औषधे. दुसऱ्या मार्गाचा शोध मात्र उलट्या क्रमाने लागला. ट्युलेन विद्यापीठातील सिरिल बॉवर्स यांनी एन्केफॅलिन या मेंदूतील पेप्टाइडच्या रचनेत फेरफार करत ग्रोथ हॉर्मोन बाहेर काढणारे जीएचआरपी-6 तयार केले. ते नेमके कोणत्या रिसेप्टरवर (पेशीवरील निरोप घेणाऱ्या रेणूवर) काम करते हे 1996 मध्ये स्पष्ट झाले, आणि त्या रिसेप्टरचे नैसर्गिक संप्रेरक, म्हणजे घ्रेलिन, 1999 मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांना उंदराच्या जठरात सापडले. म्हणजे औषध आधी आले आणि शरीरातील मूळ संप्रेरक नंतर.

घ्रेलिन हा भुकेचा निरोप आहे, आणि माझ्या मते कॉर्टिसॉलच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. उपाशी शरीराला रक्तातील साखर टिकवायची असते, आणि कॉर्टिसॉल व ग्रोथ हॉर्मोन ही दोन्ही संप्रेरके त्या कामात यकृताला व चरबीच्या पेशींना कामाला लावतात. त्यामुळे भुकेच्या निरोपाने दोन्ही एकदम जागी व्हावीत यात नवल नाही. जीएचआरपी-6 किंवा त्याच घराण्यातले जीएचआरपी-2 वा हेक्सारेलिन शिरेवाटे दिल्यास ग्रोथ हॉर्मोनबरोबर एसीटीएच (कॉर्टिसॉल स्रवायला लावणारे पियुषिकेचे संप्रेरक), कॉर्टिसॉल आणि थोड्या प्रमाणात प्रोलॅक्टिन हे दूध येण्याशी निगडित संप्रेरकही चढते. काही वेळाने ही चढण आपोआप ओसरते. हा परिणाम मुख्यतः हायपोथॅलॅमसमधून घडतो, कारण वेगळ्या काढलेल्या निरोगी पियुषिका पेशींवर ही पेप्टाइड टाकली तर एसीटीएच जवळजवळ बाहेर पडत नाही. कॉर्टिसॉल अतिरेकाने वाढणाऱ्या कुशिंग रोगात चित्र पालटते: पियुषिकेतील एसीटीएच स्रवणाऱ्या गाठीवरच हा रिसेप्टर असू शकतो, आणि अशा रुग्णांमध्ये हेक्सारेलिनने एसीटीएच कमालीचे उसळते.

दोन मार्गांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो झोपेच्या प्रयोगांत. म्युनिकमधील संशोधकांनी तरुण पुरुषांना रात्री जीएचआरएच दिले तेव्हा गाढ झोप वाढली आणि कॉर्टिसॉल घटले. जीएचआरपी-6 दिले तेव्हा ग्रोथ हॉर्मोन तर वाढलेच, पण एसीटीएच आणि कॉर्टिसॉलही वर गेले. मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल दिवसभरातील नीचांकी पातळीवर असते. झोपण्यापूर्वी टोचून घेण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती नेमकी याच विश्रांतीच्या वेळेत ढवळाढवळ करते, आणि सकाळी आठ वाजता दिलेल्या रक्ताच्या नमुन्यात त्याचा मागमूस लागेलच असे नाही. ‘माझा रिपोर्ट नॉर्मल आला’ या वाक्यावर म्हणूनच माझा फारसा विश्वास बसत नाही.

याच दुसऱ्या मार्गावरच्या इपामोरेलिनचे नाव यानंतर हमखास निघते. ते ‘स्वच्छ’ आहे, म्हणजे कॉर्टिसॉल वाढवत नाही, असे विक्रेते सांगतात. या दाव्याला आधार नाही असे नव्हे: 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात डुकरांमध्ये त्याने बरीच मोठी मात्रा देऊनही एसीटीएच व कॉर्टिसॉल जीएचआरएचपेक्षा फारसे वाढवले नाही. पण डुकरांवरील थोड्या काळाच्या प्रयोगावरून माणसाने महिनोन्‌महिने घ्यायच्या इंजेक्शनची हमी देणे मला पटत नाही.

दीर्घ वापराविषयी जी माहिती आहे ती प्रामुख्याने तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या, घ्रेलिनच्याच रिसेप्टरवर काम करणाऱ्या एमके-677 या औषधाबद्दलची. रोज घेत राहिल्यावर कॉर्टिसॉलची सुरुवातीची उसळी बरीचशी मावळते. तरीही 65 निरोगी वयस्कर व्यक्तींवर केलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत कॉर्टिसॉल सरासरी 1.7 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलेले आढळले. उपाशीपोटीची साखर सुमारे 5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढली, चरबीरहित वजनही वाढले, पण ताकद वाढली नाही. कॉर्टिसॉलची ही वाढ मोठी नाही. मात्र तिच्या जोडीला इन्सुलिनची संवेदनशीलताही घटत असेल, तर मधुमेहाची कौटुंबिक पार्श्वभूमी असलेल्याने तिकडे काणाडोळा करू नये.

याउलट, खुद्द ग्रोथ हॉर्मोनचा कॉर्टिसॉलवरचा परिणाम विरुद्ध दिशेचा आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. यकृतात व चरबीत एक विकर (एन्झाइम) निष्क्रिय कॉर्टिसोनचे सक्रिय कॉर्टिसॉलमध्ये रूपांतर करते. ग्रोथ हॉर्मोन आणि त्यामुळे वाढणारे आयजीएफ-1 हे संप्रेरक या विकराला आवर घालतात. म्हणूनच पियुषिकेच्या आजारात ग्रोथ हॉर्मोनचे उपचार सुरू केल्यावर, तोवर कशीबशी निभावून नेलेली कॉर्टिसॉलची कमतरता उघडी पडू शकते, आणि आधीच हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातील कॉर्टिसॉल) घेत असलेल्या रुग्णाची मात्रा डॉक्टरांना वाढवावी लागू शकते.