विकायला काढलेला जुना वाडा पाहताना : माझा अनुभव

वाडा पाहायला तीन फेऱ्या लागल्या. पहिली एकट्याने, दुसरी जुन्या कामाची जाण असलेल्या सुताराला घेऊन, तिसरी भर पावसात. खरं तर पावसातली आधी करायला हवी. उन्हाळ्यात सगळेच वाडे कोरडे दिसतात.

दाखवणारा माणूस दिंडी दरवाज्यातून थेट चौकात नेतो आणि कोरीव सागवानी खांबांपाशी रेंगाळतो. खांबांना सहसा काही झालेलं नसतं, ते दगडी तळखड्यावर मोकळ्या हवेत उभे असतात. बिघाड असतो तुळईच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या लाकडाच्या, भिंतीत शिरलेल्या टोकाला. तिथे ओल मुरते, हवा लागत नाही आणि वाळवीला भिंतीतल्या मातीतून आयती वाट मिळते. म्हणून शिडी लावून एकेक टोक हातोडीने वाजवलं. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. शंका आली तिथे टोच्या दाबायचा: पाव इंचावर अडला तर वरवरचं, दोन इंच सहज आत गेला तर टोक बदलावंच लागणार. भिंतीवर चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी, तुळईखाली पिठासारखा भुसा म्हणजे भुंगेरा; दोन्हींवरचे उपाय वेगळे. मधोमध वाकलेली तुळई बघून लोक घाबरतात, पण जुनं लाकूड वजनाने हळूहळू वाकतंच. सरळ दिसणारी पण टोकाला कुजलेली तुळई जास्त वाईट.

माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत असेल तर मातीची जाडी मोजा. गळलं की वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. एक घनफूट ओली माती पन्नास किलोच्या आसपास भरते, आणि तो सगळा भार तुळयांच्या त्याच टोकांवर येतो.

भिंतींत सर्वांत मोठा घोळ सिमेंटचा. माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही. ती वर चढते, क्षार फुटतात, पापुद्रे सुटतात. फक्त खालच्या तीन फुटांना ताजा रंग दिसला तर कारण विचारा आणि कपाटं सरकवून बघा. केसासारख्या तड्यांचं फारसं काही नाही. दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या तड्यावर मात्र आडवी काचेची पट्टी चुन्याने पक्की बसवली. पुढच्या फेरीला ती तडकलेली दिसली तर भिंत अजून हलते आहे.

मोजमाप आतून घ्या. भिंती दोन-अडीच फुटी, त्यामुळे बाहेरून मोठा दिसणारा वाडा आतून बराच आकसतो.

आता कागद, जिथे खरी दमछाक होते. शहरात मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) पाहायचं. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. पत्रकावर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद हवी, आणि वंशावळ लिहून घेताना लग्न होऊन गेलेल्या बहिणी, त्या हयात नसतील तर त्यांची मुलं सुटता कामा नयेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. ‘तिने कधीच सोडलाय’ हे तोंडी चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ‘माझा हिस्सा आत्ता घ्या, बाकीचे नंतर देतील’ हे तर ऐकूच नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी त्याला घरात एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावलात, तर १८९३ च्या वाटप कायद्यानुसार (पार्टिशन ॲक्ट) बाकीचे भाऊबंद तुमचाच हिस्सा विकत मागू शकतात.

किमान तीस वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा शोध अहवाल वकिलाकडून घेतला. तळमजल्यावर जुने भाडेकरू असतील तर वाडा विकला गेला म्हणून ते जात नाहीत, नवा मालक त्यांचा घरमालक होतो. त्यांच्याशी विक्रेत्याच्या गैरहजेरीत बोलावं. छत कुठे गळतं, तेही तेच नेमकं सांगतात.