सोयाबीन तारण ठेवल्यावर

लातूर जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची रास होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हरभऱ्याचे बी, खत व मजुरी यांचा खर्च दारात उभा असल्याने भाव पडलेला असला तरी शेतकऱ्याला माल विकावा लागतो. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारात मात्र 4,200 च्या आसपास सौदे होत होते. म्हणून मी तीसेक क्विंटल सोयाबीन राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत ठेवण्याचे ठरवले. 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या या योजनेत मालाच्या किमतीच्या 75 टक्के रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते आणि गोदामाचे भाडे द्यावे लागत नाही. व्यापाऱ्याचा माल चालत नसल्यामुळे सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद लागते; ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, वेळेवर केली असल्याने कागदांचे काम लवकर उरकले.

माल गोदामापर्यंत नेणे हेच खरे कष्टाचे काम ठरले. आमच्या शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाणंद, म्हणजे कच्ची वाट, आहे, आणि परतीच्या पावसानंतर त्या काळ्या मातीत ट्रॅक्टरचे चाक निम्मे रुतते. त्यामुळे पोती बैलगाडीने रस्त्यावर आणून तिथे पुन्हा टेम्पोत भरावी लागली, म्हणजे हमाली दुप्पट झाली. गोदामावर कर्मचाऱ्याने टोकदार नळी पोत्यात खुपसून मूठभर दाणे काढले आणि यंत्रात टाकले. ओलाव्याचा आकडा 14 टक्क्यांच्या वर गेला. मर्यादा 12 टक्क्यांची. समितीच्याच ओट्यावर ताडपत्री अंथरून माल पुन्हा वाळवला. वाळल्यावर वजनात जी घट आली, ती अर्थातच माझी.

पुढे वजन, करारनामा आणि गोदाम पावती झाली, आणि वाळून भरलेल्या तीस क्विंटलवर 4,200 च्या दराने, किमतीच्या 75 टक्के म्हणजे 94,500 रुपये खात्यावर जमा झाले. हरभऱ्याची पेरणी उधारीवाचून पार पडली, हा या योजनेचा निखळ फायदा मी मानतो.

अडचण नंतर आली. हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी केंद्रावरही मी नोंदणी केली होती. माल घेऊन या, असा तिथला एसएमएस आला तेव्हा माल तारण होता, तो सोडवायचा तर आधी कर्ज फेडायला हवे, आणि कर्जाचे पैसे तर रानात गेलेले. हमीभावाची रक्कम माल दिल्यानंतर खात्यावर येते, ती आधी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. खरेदीची मुदत वाढत वाढत फेब्रुवारीपर्यंत गेली, तरी माझा माल गोदामातच राहिला.

अखेर एप्रिलमध्ये तो बाजारभावाने, 4,300 च्या थोडा वर, विकला. पाच महिन्यांचे व्याज सुमारे 2,360 रुपये झाले. ते आणि घट वजा जाता थांबल्याचा लाभ नाममात्रच राहिला. खरेदीदाराने तारणाची रक्कम आधी समितीत भरली, पावती सुटली आणि उरलेले पैसे मला मिळाले. खासगी व्यापाऱ्याच्या सौद्यात जी सोय होते, ती हमीभावाच्या खरेदीत का होत नाही, हे मी समितीत आणि केंद्रावर दोन्हीकडे विचारले. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले.