पोकरमधील रेंज मोजायला मी कसा शिकलो

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात आणि पुरुष मंडळी पत्त्यांचे डाव मांडतात. आमच्या जळगावच्या घरी तीन पत्तीच चाले, त्यामुळे टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकताना मला पत्ते ओळखीचे होते, मोजणी मात्र नवी होती. तीन पत्तीत एका खेळाडूला 22,100 प्रकारे पत्ते येऊ शकतात. होल्डेममध्ये सुरुवातीला दोनच पत्ते मिळत असल्याने हा आकडा 52 गुणिले 51 भागिले 2, म्हणजे 1,326 एवढाच राहतो.

हे सारे एका वहीत मांडता येईल, असे वाटून मी एक्क्यापासून दुर्रीपर्यंत 13 ओळी आणि तसेच 13 रकाने असलेला तक्ता आखला. कर्णावर जोड्या, कर्णाच्या वर एकाच रंगाचे पत्ते, म्हणजे दोन्ही इस्पिक किंवा दोन्ही बदाम, आणि खाली वेगवेगळ्या रंगांचे, अशी 169 घरे झाली. घरे आकाराने सारखी असली तरी त्यांचे वजन सारखे नसते: जोडीच्या घरात 6 कॉम्बो, म्हणजे तो हात येण्याचे 6 वेगवेगळे प्रकार, असतात, एकाच रंगाच्या घरात 4 आणि वेगळ्या रंगांच्या घरात 12. त्यांची बेरीज 78, 312 आणि 936, म्हणजे बरोबर 1,326 भरते. मोबाइलवर असे रंगीत तक्ते आयते मिळतात, पण स्वतः भरल्याखेरीज हे वजन डोक्यात बसत नाही, असे माझे मत आहे.

खरा कस लागला तो समोरच्याची रेंज, म्हणजे त्याच्याकडे असू शकतील असे सारे हात, मोजताना. आम्ही चिंचोके लावून खेळत होतो. माझ्याकडे एक्का आणि राणी होती आणि फार जपून खेळणाऱ्या आतेभावाने मोठी बोली लावली. तो अशी बोली दश्शीच्या किंवा त्याहून मोठ्या जोडीवर, नाहीतर एक्का-राजावरच लावतो, असे मी धरून चाललो. कागदावर हे 30 आणि 16 मिळून 46 कॉम्बो होतात. परंतु एक एक्का आणि एक राणी माझ्याच हातात असल्याने एक्क्यांच्या जोडीचे 6 ऐवजी 3, राण्यांच्या जोडीचेही 3 आणि एक्का-राजाचे 16 ऐवजी 12 कॉम्बो उरतात. राजे, गुलाम आणि दश्श्या यांच्या जोड्यांचे प्रत्येकी 6 धरून एकूण 36 झाले. त्यांपैकी एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा हे 24 कॉम्बो माझ्या हातावर फारच भारी पडतात, तर उरलेल्या 12 कॉम्बोंपुढेही मी थोडा मागेच असतो. म्हणून मी पत्ते टाकून डाव सोडला. “तुले कसं समजनं?” असे त्याने विचारले, तेव्हा मी वही पुढे केली. त्याच्याकडे नेमके काय आहे हे मला तेव्हाही ठाऊक नव्हते.

पुढे टेबलावर सर्वांसाठी उघडले जाणारे पत्तेही याच हिशेबात धरू लागलो. समजा, त्याच डावात मी पत्ते न टाकता टिकलो असतो आणि राजा, सत्ती, दुर्री उघडली असती, तर राजांच्या जोडीचे 3 आणि एक्का-राजाचे 9 कॉम्बो उरून त्याची रेंज 30 वर आली असती. त्यांतल्या एक्के, राजे आणि एक्का-राजा अशा 15 कॉम्बोंना तो राजा गैरसोयीचा नाही. राण्या, गुलाम आणि दश्श्यांच्या उरलेल्या 15 कॉम्बोंना मात्र तो खुपतो, आणि माझा हात त्यांच्याहूनही हलका असला तरी बोली लावून त्याला ते हात सोडायला लावण्याची शक्यता तिथेच असते.