गाडी थांबते तिथून पुढे

१९७२च्या दुष्काळात वडील नेवाशाकडून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. खायला मिलो आणि सुकडी. पुढच्या वर्षी पुणं गाठलं. आधी बिगारी, मग हातात थापी आली, मग चार माणसं घेऊन छोटे ठेके. मी डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा लेटरहेडवर ‘सर्व प्रकारची बांधकामे’ छापून घेतलं. प्रत्यक्षात आमचं काम म्हणजे सोसायट्यांच्या गळक्या गच्च्या आणि कंपाउंडच्या भिंती. बरीच वर्षं तेच चाललं, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते २०२१ मधलं. येरवड्याच्या बाजूला नदीकाठी एक वस्ती आहे. तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीची पत्र्याची जुनी प्रार्थनेची खोली होती, जागा अठरा बाय बत्तीस फूट. ती पाडून वस्तीसाठी इमारत बांधायची असं मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीनं ठरवलं होतं. खाली बालवाडी आणि बायकांसाठी संडास-न्हाणीघरं, वर अभ्यासिका. मुळात वर प्रार्थनेचा मोठा हॉल होणार होता. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असताना पोरांनी दहावीचा अभ्यास करायचा कुठं, असं बायकांनी कमिटीला विचारलं आणि हॉल मागे पडला. रविवारची उपासना अभ्यासिकेतच होते, टेबलं बाजूला सारून.

तीन ठेकेदार जागा बघून गेले ते परत आलेच नाहीत. चौथा मी. हो म्हटलं ते काही धाडस म्हणून नाही, लॉकडाउननंतर हातात काम नव्हतं.

ते तिघं का आले नाहीत हे पहिल्या ट्रकलाच कळलं. रस्ता ते जागा १७० फूट आणि गल्ली चार फूट. त्या चार फुटांतही दारातली चूल, कपड्यांची दोरी, मोटारसायकल. प्रत्येक वीट, वाळूचं प्रत्येक घमेलं डोक्यावरून न्यायचं. ही डोईवाहतूक मी एस्टिमेटमध्ये धरलीच नव्हती. शिवाय सकाळी सहा ते आठ नळाला पाणी, म्हणजे गल्लीभर हंडे. संध्याकाळी माणसं कामावरून परतणार. माल न्यायला मिळायचे अकरा ते चार एवढेच तास. पहिल्या महिन्यात मजुरीनं माझं कंबरडं मोडलं.

पायाखुदाईत पाच फुटांवर मुरूम लागेल असा अंदाज होता. लागल्या चिंध्या, प्लास्टिक, फुटकी कौलं. सगळा भराव. नवव्या फुटाला मुरूम आला तेव्हा आमच्या गवंड्यानं खड्ड्यात उतरून पहारीवर नारळ फोडला. पाळकसाहेब काठावर उभे होते, काही बोलले नाहीत. खोबरं मात्र खाल्लं.

वस्तीत सुरुवातीला कुजबुज होतीच, हे लोक बाटवायला आलेत का म्हणून. याच पुण्यात १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण, झालं होतं. आमच्या माणसांना मंडळीतल्या बायका दिवसातून तीनदा चहा द्यायच्या. कुणी कुणाला वाळीत टाकलं नाही. तक्रार एकच होती, साखर कमी पडते.

जोत्याची गोष्ट निघाली तेव्हा नकाशात दीड फूट होतं. शेजारच्या आजीनं मला घरात बोलावलं आणि भिंतीवर बोट ठेवलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये धरणांतून पाणी सोडलं तेव्हाची मातकट रेघ, माझ्या मांडीच्याही वर. मी टेप लावला, दोन फूट अकरा इंच. जोतं साडेतीन फूट केलं. त्यामुळे ड्रेनेजला उतारही चांगला मिळाला. पण मग तीच आजी म्हणाली, “एवढ्या पायऱ्या मी चढू कशी रं?” दारात रॅम्प काढायला जागा नव्हती. शेवटी पायऱ्या अर्ध्या उंचीच्या केल्या आणि दोन्ही बाजूंनी पाईपचा कठडा दिला. आजी चढते, पण अजून नावं ठेवते.

आर्किटेक्ट मंडळीतलीच एक तरुण मुलगी, फी न घेता काम करणारी. केरळात आयुष्य घालवलेल्या लॉरी बेकरांची ती भक्त. तिनं भिंतीला रॅट-ट्रॅप बाँड काढला. विटा पाटावर न टाकता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते, साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात, खोली गारही राहते. गवंडी म्हणाला, “शेठ, पोकळ भिंत बांधली तर माझं नाव खराब होईल.” तिनं स्वतः चार थर रचून दाखवले, ओळंब्यात. मग त्याचा नाइलाज झाला. डोक्यावरून न्यायच्या विटा चौथ्या हिश्शानं कमी, हे गणित बिगाऱ्यांना सगळ्यांत आधी पटलं.

खालचा स्लॅब मार्च २०२२ मध्ये भरला, नेमका सळईचा भाव चढलेला असताना. मिक्सर रस्त्याला लावला. काँक्रीट घट्ट व्हायच्या आत वर पोचायला हवं, नाहीतर स्लॅबला सांधा राहतो, आणि माझी माणसं चौदा. रविवार होता. उपासना लवकर आटोपून मंडळी आली, वस्तीतली पोरं आली. तीन फुटांना एक माणूस असे गल्लीत साठ जण उभे राहिले. भरलेलं घमेलं डावीकडून, रिकामं उजवीकडून. एक मावशी दारात बसून शंभर घमेल्यांना कोळशाची एक रेघ ओढत होती. आठ रेघा झाल्या. तोपर्यंत दुपारचे तीन वाजले होते आणि सांधा कुठंच राहिला नव्हता.

डोईवाहतुकीचा तोटा मी कमिटीपुढे ठेवला. करारात नाही, असं खजिनदारांनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पुढे मंडळीच्या कापणीच्या सणाला त्यांनी मला बोलावलं. उपासनेनंतर लिलाव. एकच भोपळा चार वेळा विकला गेला. जो घेई तो पुन्हा लिलावाला देई. त्या दिवशी जमलेल्यातून निम्मा तोटा भरून निघाला. बाकीचा माझा. पाचव्या वेळी मीही बोली लावली. साडेआठशेचा भोपळा बघून बायकोनं दोन दिवस त्याला सुरी लावली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे येणारी निम्मी कामं अशीच, जिथं गाडी पोचत नाही तिथली. दरपत्रकात डोईवाहतुकीचा वेगळा रकाना आहे, फुटांवर. परवा दांडेकर पुलाकडून चौकशी आली. गेलो. त्यांनी नकाशा उलगडला, मी आधी टेप काढला. गल्ली साडेतीन फूट भरली.

म्हटलं, “ताई, तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं?”