केदारकांठा: पाय तयार होते, बाकी काही नव्हतं

डिसेंबरअखेर उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराचा ट्रेक करून आलो. आयुष्यातला पहिला बर्फ. त्याआधी दोन महिने दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली दहा किलोची सॅक. पायांनी शेवटपर्यंत तक्रार केली नाही. पण सिंहगडावर घाम आला की वारा खात बसायचं, ही आपली सवय. तीच नडली.

ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावात सकाळी गारठा होता, म्हणून जॅकेट घालूनच निघालो. आत नेहमीचा सुती टी-शर्ट. जुडा का तालाब या तळ्याजवळच्या मुक्कामाला पोचेपर्यंत पाठ चिंब. सूर्य डोंगराआड गेला आणि तोच टी-शर्ट ओल्या पोत्यासारखा अंगाला चिकटला. तंबूत बसून बटणं काढायचा प्रयत्न केला, बोटंच वळेनात. शेवटी मित्राने लहान मुलासारखे माझे कपडे बदलले. (हे तो अजून सगळ्यांना सांगतो.)

तर, सुती कपडे घरी ठेवा. निघताना थोडी थंडी वाजली तर वाजू द्या, दहा मिनिटांत अंग तापतं. थांबलात की लगेच जॅकेट चढवा. एक कोरडा जोड आणि लोकरी मोजे फक्त झोपण्यासाठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कितीही मोह झाला तरी दिवसा पिशवीतून काढायचे नाहीत.

पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे बाटली सरळ ठेवली की आधी तोंडच बंद होतं. उलटी ठेवा, पण झाकण घट्ट आहे ना ते बघून. रात्री गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. सकाळी तेच पाणी प्यायचं. फोन आणि हेडटॉर्चचे सेलही आतच झोपवा. माझी पॉवर बँक सॅकमध्ये राहिली, पहाटे मेलेली.

माथा १२,५०० फूट. पहाटे तीनला निघालो, बर्फ कडक होता आणि मायक्रोस्पाइकशिवाय (बुटाखाली चढवायचे लोखंडी दाते) माझं काही खरं नव्हतं. हे आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. बूट मात्र स्वतःचे, महिनाभर वापरलेले. वर समोरचं स्वर्गारोहिणी शिखर उजळताना फोटोसाठी हातमोजा काढला, तो वाऱ्याने नेला. आतल्या पातळ हातमोज्यांची जोडी होती म्हणून निभावलं.

देहरादून ते सांकरी अख्खा दिवस जातो, वळणं पोट ढवळून काढतात. उलटीची गोळी आणि रोख पैसे देहरादूनलाच घ्या.