तुम्ही विचारलेत म्हणून: सिंधू संस्कृतीतल्या एकाही माणसाचे नाव आपल्याला का ठाऊक नाही?

मी इतिहास शिकवतो असे कळले की लोक हमखास हा प्रश्न विचारतात. मोहेंजोदडोसारखी आखीव नगरे वसवणाऱ्या, घरोघरचे सांडपाणी बांधीव गटारांतून वाहून नेणाऱ्या लोकांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचू नये आणि त्याच काळातल्या मेसोपोटेमियातल्या (म्हणजे आजच्या इराकमधल्या) राजांचीच नव्हे, तर व्यापाऱ्यांची, कारकुनांची आणि देणेकऱ्यांचीही नावे पुस्तकांत सापडावीत, याची विचारणाऱ्यांना मनापासून खंत वाटते. ती मलाही वाटते. मात्र सिंधूकाठचे लोक मुके होते म्हणून हे घडले नाही. त्यांनी ज्यावर लिहिले ते बहुतांशी टिकले नाही, असे माझे उत्तर आहे.

मेसोपोटेमियात चांगला दगड आणि लाकूड दुर्मीळ, नदीचा गाळ मात्र अमाप. तिथला कारकून ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोकाने खुणा उमटवी, आणि अशी पाटी आगीत सापडली तर नष्ट होण्याऐवजी भाजून पक्की होई. इसवी सनपूर्व ६१२ मध्ये तिथल्या असिरियन साम्राज्याची राजधानी निनेव्हे शत्रूंनी जाळली. तरीही असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या सुमारे ३०,००० पाट्या आणि तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

याउलट कच्छमधल्या धोलावीराकडे पाहा. रवींद्रसिंह बिष्ट यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात तिथल्या बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजापाशी दहा मोठी चिन्हे सापडली. प्रत्येक चिन्ह साधारण ३७ सेंटिमीटर उंच, जिप्समचे पांढरे तुकडे जुळवून केलेले. हे तुकडे एका लाकडी फळीत बसवलेले होते. फळी केव्हाच कुजून गेली आणि चिन्हे मातीत होती तशी पडून राहिली. जिप्सम वापरले नसते, तर तिथे काही लिहिलेले होते याचाही पत्ता लागला नसता. अशा किती फळ्या, किती कापडे, किती पाने नाहीशी झाली असतील याचा विचार मनात आला की मला फार हळहळ वाटते. हाती उरले ते मुख्यतः छोट्या दगडी मुद्रांवरचे लेख, सरासरी पाचच चिन्हांचे.

जगात इतरत्रही हेच दिसते. १५६२ मध्ये दिएगो दे लांडा या स्पॅनिश धर्मगुरूने मेक्सिकोतल्या मानी गावात तिथल्या माया लोकांच्या पोथ्या जाळल्या आणि आज त्यांच्या जेमतेम चार पोथ्या उरल्या आहेत. तरी पालेंके या माया नगराच्या पाकाल राजाचे नाव आपण वाचू शकतो, कारण ते दगडात कोरलेले होते. आपल्याकडे नाणेघाटातल्या लेण्यात लेख कोरला गेला म्हणून सातवाहनांची राणी नागनिका आपल्याला माहीत आहे.

तरीही सिंधूकाठच्या माणसांची चाहूल लागते, आणि ती परक्यांच्या दप्तरात. मेलुह्हाची जहाजे अक्कड या मेसोपोटेमियातल्या राजधानीच्या धक्क्याला लागतात, असे तिथल्या सार्गोन राजाने अभिमानाने लिहवून ठेवले, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शु-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे; तो मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी होता, असे तिच्यावर स्पष्ट लिहिले आहे. मला सर्वांत जवळची वाटते ती मात्र अक्कड काळातली एक साधी नोंद. मेलुह्हाच्या लू-सुंझिदा नावाच्या माणसाने उरुर नावाच्या माणसाचा दात पाडल्याबद्दल दहा शेकेल, म्हणजे सुमारे सात तोळे, चांदी भरपाई द्यावी, असे तीत म्हटले आहे. लू-सुंझिदा हे नाव सुमेरी, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियातल्या भाषेच्या वळणाचे आहे, म्हणजे तो किंवा त्याचे घराणे तिथे चांगलेच रुळलेले असणार. पुढे इसवी सनपूर्व २१००च्या सुमारास मेसोपोटेमियातल्याच लगाश राज्यातल्या गुअब्बा बंदराजवळ मेलुह्हा नावाचे एक गावच होते. तिथून सरकारी कोठारात जमा होणाऱ्या धान्याचे हिशेब मिळतात.

ही सिंधू चिन्हे म्हणजे भाषेची लिपीच नव्हे, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. मेसोपोटेमियात आणि इराणच्या आखातातल्या बेटांवर सापडलेल्या काही गोल मुद्रांवर चिन्हे सिंधूचीच आहेत, पण त्यांचा क्रम मोहेंजोदडोच्या मुद्रांवर सहसा न आढळणारा आहे. परदेशी स्थायिक झालेल्यांनी तीच चिन्हे वापरून दुसऱ्या भाषेतली नावे लिहिली असावीत, हे स्पष्टीकरण मला सर्वांत सरळ वाटते. इजिप्तची चित्रलिपी आणि मेसोपोटेमियाची कीलाक्षरे उलगडली ती एकच मजकूर अनेक भाषांत देणाऱ्या लेखांमुळे. सिंधू लिपीसाठी तसा लेख अजून मिळालेला नाही. तो मिळालाच तर मोहेंजोदडोपेक्षा ओमान-बहरीनच्या किनाऱ्यावर किंवा दक्षिण इराकमधल्या एखाद्या पांढरीच्या टेकाडात मिळण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण दोन भाषांत लिहिण्याची गरज पडत होती ती तिथल्या व्यापाऱ्यांना.