पंचवीस अंकांवर थांबलेली संख्या

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. आमच्या ऑफिसच्या व्हाइटबोर्डवर मी ही संख्या लिहून ठेवली आहे. कुणीतरी विचारलं, "कुणाचं खातं?"

गंमत अशी की तिचे डावीकडून पहिले दोन अंक घेतले तर २ ने भाग जातो, तीन घेतले तर ३ ने, चार घेतले तर ४ ने, आणि असं थेट पंचविसापर्यंत. सातवी पायरी कागदावर करून बघा. ३६०८५२ ला ७ ने भागलं की बाकी उरते २. म्हणजे पुढे असा अंक हवा की वीस आणि तो मिळून ७ ने भागले जातील: १ किंवा ८. इथे ८ आहे. १ घेतला असता तर वेगळीच वाट लागली असती, आणि बहुतेक वाटा पंचविसाच्या आधीच बंद पडतात. नऊ अंकी अशा संख्या २४९२ आहेत, दहा अंकीही तेवढ्याच (शेवटी शून्य लावायचं, बाकी काही करायचं नाही!), मग गळती सुरू. चोवीस अंकी तीन. पंचवीस अंकी ही एकटीच.

मग सव्विसावा अंक का नाही? २६ म्हणजे १३ गुणिले २. १३ ने भाग जायला शेवटी १ च लागतो, दुसरा कुठलाच अंक चालत नाही. आणि २ ला सम अंक हवा. झालं, भांडण मिटत नाही.

३८१६५४७२९ ही तिची धाकटी बहीण, १ ते ९ प्रत्येक अंक एकदाच. ती मात्र तुम्हीच तपासा.